परतीची वाट

प्रवासवर्णनें लिहिण्याची व वाचण्याची हौस आपल्या सुशिक्षित घरांतून आतां चांगलीच रुजली आहे. परंतु हीं वर्णनें वाचतांना एक गोष्ट कोणाच्याही ध्यानांत येण्यासारखी असते. निघण्याच्या तयारीस दोन पानें, पहिल्या मुक्कामास चार पानें, देवळें, धबधबे व बाजार यांस दहा पानें. आणि सरतेशेवटीं "नंतर आम्ही सुखरूप घरीं पोंचलों" हें एकच वाक्य! त्या एका वाक्याच्या पोटांत शेंकडों मैलांची वाट, थकलेलीं शरीरें, चिडचिडलेलीं मुलें, तापलेलीं चाकें आणि घरच्या काळज्या हें सारें दडपून टाकलेलें असतें. 'सुखरूप' हा शब्द तर आपण इतक्या सहज लिहून जातों कीं, तो कोणीं व कसा कमावला, याचा विचार करण्यास क्षणभरही थांबत नाहीं.

जातांना मनुष्य उत्साहानें जातो. येतांना तो केवळ पोंचण्यासाठीं येतो. म्हणूनच परतीची वाट अधिक काळजीनें आंखली पाहिजे, असें आमचें मत आहे. सहकुटुंब प्रवासाचा हंगाम वर्षांतून दोनदां येतो. त्या दृष्टीनें या विषयाचा थोडा खोल विचार आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

तांडा आणि घरगाडी

'कारवाँ' हा शब्द मूळचा फारशी. एकमेकांच्या सोबतीनें दूरचा मार्ग तुडविणाऱ्या प्रवाशांचा समुदाय, हा त्याचा अर्थ. इंग्रजी भाषेनें तो उचलला आणि कालांतरानें 'चाकांवरचें घर' असा नवा अर्थ त्यास दिला. आपल्या भाषेंतील 'तांडा' या शब्दांत हे दोन्ही अर्थ आधींपासूनच नांदत आहेत. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत, तेव्हां बायकामुलें, म्हातारीं माणसें, कुत्रीं व भांडींकुंडीं सर्व बरोबर असे. तांडा चाले तेव्हां घर चाले. पावसाळ्यांत तांडा एके ठिकाणीं बसे तेव्हां घरही बसे.

आमचा खानदेश तर अशा तांड्यांची राजरोस वाटच होता. सुरतेच्या बंदरांत उतरलेला माल नवापूर, नंदुरबार या मार्गानें बऱ्हाणपुरास आणि तेथून उत्तरेस आग्र्याकडे जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ सालीं सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला तो याच मुलुखांतून. पुढें ताव्हर्निए नांवाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानेंही या मार्गाचें टिपण करून ठेविलें आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना रस्ताही धुळ्यावरूनच जातो. सरकारनें महामार्गांचे आंकडे बदलले, जुन्या तीन क्रमांकाच्या महामार्गाचा इंदूर ते धुळें हा भाग आतां ५२ क्रमांकाचा झाला. पण धुळेंकर त्याला अद्याप 'आग्रा रोड' असेंच म्हणतात.

परतीची वाट किती महत्त्वाची, हें आपल्या पूर्वजांस आपल्यापेक्षां अधिक उमगलें होतें. काशीयात्रा करून आलेला मनुष्य पुष्कळ ठिकाणीं एकदम घरांत शिरत नसे. त्यानें गांवाबाहेरच्या देवळांत उतरावें, घरीं निरोप धाडावा, घरच्यांनीं सामोरें जावें, पायांवर पाणी घालावें, मग गंगापूजन व्हावें आणि मावंदें घातल्यावर यात्रा पुरी झाली असें समजावें, अशी रीत होती. धर्मभावना बाजूस ठेवून पाहिलें तरी त्यांत मोठें शहाणपण दिसतें. वाटेवरचें मन आणि घरचें मन यांच्यामध्यें एक विसांव्याची पायरी हवी, हें त्यांनीं ओळखिलें होतें. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमींत सांपडले आणि मिळविलेलें बहुतेक द्रव्य गमावून बसले. परंतु गंगेची कावड मात्र त्यांनीं घरीं आणिली. चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं 'माझा प्रवास' या नांवानें त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ती वाचली म्हणजे परत येणें हाही एक पराक्रम असूं शकतो, अशी खात्री पटते.

केवळ मौजेसाठीं चाकांवरचें घर बांधून घेण्याची कल्पना मात्र विलायती. इंग्लंडच्या आरमारांतून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं 'वाँडरर' नांवाची घोड्यांची घरगाडी खास बांधवून घेतली व तींतून देश पाहिला. १९०७ सालीं तेथें अशा हौशी लोकांचें मंडळही स्थापन झालें. पुढें घोडे गेले व मोटार आली. आपल्याकडे महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण ठरविलें. केरळानेंही त्याच वर्षीं तें केलें. निजण्याचे बांक, लहानसा ओटा, पाण्याची टांकी, शौचकूप व शीतकपाट एवढें सामान असलेली ही घरगाडी आतां मोठ्या शहरांतून भाड्यानें मिळूं लागली आहे.

दहा माणसें, अठरा दिवस

गेल्या उन्हाळ्यांत आखाजी आटोपल्यावर आम्हीं अशीच एक घरगाडी चालकासह पुण्याहून मागविली. आमचें कुटुंब म्हणावयास एकत्र. परंतु नोकरीच्या निमित्तानें थोरले बंधु धुळ्यास व आम्ही जळगांवीं. मातोश्री कांहीं महिने तिकडे, कांहीं महिने इकडे. आजच्या पुष्कळ एकत्र कुटुंबांची हीच स्थिति असते: कुळाचार एक, शिधापत्रिका दोन. मातोश्री, आत्याबाई, दोघे भाऊ, दोघी जावा व चार मुलें मिळून दहा माणसें. सोबत घरची एक मोटार. जळगांवाहून रावेर, बऱ्हाणपूर, असीरगडाखालून ओंकारेश्वर. तेथून पंचमढी, भेडाघाट, सांची, भीमबेटका आणि शेवटीं उज्जयिनी, असा अठरा दिवसांचा फेरा झाला. त्या स्थळांचें वर्णन येथें करीत नाहीं. तें इतरत्र पुष्कळ आहे.

सांगावयाचें तें एवढेंच कीं, या अठरा दिवसांत आमच्या घरांत कित्येक वर्षांनीं एकच चूल पेटली. सकाळीं चहा झाला कीं मातोश्रींस कोणी ना कोणी विचारी, आज काय रांधावें, कोठें उतरावें, देवळांत आधीं जावें कीं घाटावर. ओट्याची जागा एका वेळीं एकीसच पुरे इतकी. त्यामुळें दोघी जावांच्या पाळ्या लागल्या आणि उरलेलीला सक्तीची विश्रांति मिळाली. पुरुषांस भांडीं घासावीं लागलीं, कारण पाणी मोजकें होतें व बायकांचें म्हणणें असें कीं, टांकी भरून आणणारानेंच घासून पाहावें म्हणजे पाण्याची किंमत कळते. मुलांनीं पहिले तीन दिवस भांडणांत घालविले. चौथ्या दिवसापासून खिडकीच्या जागेचें वेळापत्रक त्यांनींच करून भिंतीला चिकटविलें. घर लहान झालें म्हणजे माणसांस एकमेकांची अडचण होते हें खरें. परंतु एकमेकांची दखल घेतल्यावांचूनही तेथें चालत नाहीं.

रात्रीं निघावें कीं पहाटे?

इंदुरास पोंचलों तो अठरावा दिवस, शनिवारची दुपार. सोमवारीं बंधूंस कचेरी होती. इंदुराहून धुळें सुमारें २६० किलोमीटर व तेथून जळगांव आणखी ९० च्या वर. खानदेशांत त्या आठवड्यांत उष्मा ४५ अंशांच्या घरांत. तेव्हां रात्रीं जेवून अकराला निघावें, गारव्यांत घाट उतरावे आणि उजाडतां धुळें गांठावें, असें बंधूंनीं सुचविलें. महाविद्यालयांत शिकणाऱ्या पुतण्यानें तें उचलून धरिलें. उन्हाळ्यांत ही सूचना कोणासही पटेल अशीच आहे. शेंकडों कुटुंबें दरवर्षीं याच विचारानें रात्रीं निघतात.

त्यावर वहिनींनीं वाद न घालितां चालकास विचारिलें, "भाऊ, आज तुम्ही किती वाजतां उठलात?"

"पांचला, वहिनी."

"आणि अकराला निघायचं म्हणजे तोंवर जागून किती तास झाले?"

त्यानें बोटें मोजलीं व हंसून म्हणाला, "अठरा. पण आम्हांला संवय असते."

"संवय तुम्हांला असेल, झोपेला नसते," वहिनी म्हणाल्या. आणि मातोश्रींनीं, "मग पहाटेच निघूं," असें म्हणून प्रश्न निकालांत काढिला.

वहिनींचें हें गणित शास्त्रशुद्ध आहे. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं १९९७ सालीं असें दाखवून दिलें कीं, सलग १७ तास जागलेल्या मनुष्याची हातापायांची व नजरेची चलाखी, रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या मनुष्याइतकी मंदावते. आपल्या देशाच्या कायद्यानें वाहन हांकणारास ०.०३ टक्क्यांपलीकडे मद्य चालत नाहीं. म्हणजे मद्याचा थेंबही न घेतलेला सज्जन गृहस्थ केवळ जागरणानें त्या मर्यादेबाहेर जातो, आणि त्याला पकडणारें यंत्र मात्र कोणत्याही नाक्यावर नसतें. शिवाय शरीराचें एक आंतील घड्याळ असतें. मध्यरात्रीनंतर दोनपासून पहाटेपर्यंत आणि दुपारीं दोन ते चारच्या सुमारास तें झोंपेची घंटा वाजवितेंच. मग तुम्ही किती का निश्चयी असा ना. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर सहासष्ट मीटर रस्ता, म्हणजे मोठ्या वाड्याची सबंध गल्ली, कोणीही न पाहतां पार होते.

चहा घेतला, खिडकी उघडली, गाणें लावलें म्हणजे झोंप जाते, ही समजूत भ्रामक आहे. चहाकॉफीचा अंमल चढण्यास अर्धा तास लागतो. झोंपेवर औषध एकच, तें झोंप. गाडी सुरक्षित जागीं उभी करून पंधरा-वीस मिनिटें डोळे मिटल्यानें जें साधतें, तें चार पेले चहानें साधत नाहीं. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यानेंही चालकाचें काम दिवसास आठ तास ठरविलें होतें व सलग पांच तासांच्या आंत अर्ध्या तासाचा विसांवा सांगितला होता. भाड्याच्या गाडीचा चालक आपल्या घरचा पाहुणा नसला तरी आपल्या घरचीं सारीं माणसें त्याच्या ओंजळींत असतात, हें लक्षांत ठेवावें.

दोन घाट, दोन नद्या

त्या रात्रीं साडेआठास दिवे मालवले. चालकास मोटारींत वा बांकावर न निजवितां आमच्याच मुक्कामीं स्वतंत्र खोली दिली. पहाटे पांचला निघण्यापूर्वीं टायर थंड असतांनाच हवा पाहिली. कारण चाक तापल्यावर हवा मोजली तर खोटा आंकडा मिळतो, आणि उन्हाळ्यांत कमी हवेचा टायर आधीं फुटतो. पाण्याची टांकी निम्मी रिकामी केली, गॅसची तोटी बंद केली, ओट्यावरच्या वस्तु कपाटांत घातल्या. गाडी चालूं असतां बांकावर आडवें होण्यास मातोश्रींसही मुभा नव्हती. सर्वांनीं पट्टे बांधून बसावयाचें. घरगाडींत सर्वांत मोठा मोह हाच: घर आहे म्हणून लोक घरासारखे वावरतात आणि ती मोटार आहे हें विसरतात.

मानपूर सोडल्यावर रस्ता विंध्याद्रीवरून नर्मदेच्या खोऱ्यांत उतरूं लागतो. या बाजूच्या गणपति घाटाची उतरण अपघातांबद्दल कुप्रसिद्ध झालेली. घरगाडी उंच व जड असते. उतारावर सतत ब्रेक दाबीत गेल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून ज्या गिअरांत चढावयाचें त्याच गिअरांत उतरावें, हा जुना नियम आमच्या चालकानें काटेकोर पाळिला. मागच्या गाड्या शिंगें वाजवीत पुढें गेल्या. त्यानें एकदांही मान वळविली नाहीं.

खलघाटास नर्मदा ओलांडतांना बायकांनीं हात जोडिले. आमच्या मनांत मात्र दुसरीच आठवण आली. १८ जुलै २०२२ रोजीं इंदुराहून अमळनेरास येणारी एस. टी. ची गाडी येथल्या पुलावरून नदींत कोसळली व १२ माणसें दगावलीं. तींत बसलेलीं माणसें अशींच घराकडे तोंड करून निघालेलीं होतीं. ज्यांचे आप्त त्या दिवशीं अमळनेरच्या स्थानकावर वाट पाहत बसले असतील, त्यांना 'सुखरूप' या शब्दाचें वजन विचारावें.

पलीकडे निमाडचा सपाट मुलूख लागतो. दर दोन तासांनीं थांबावयाचें असें ठरलेंच होतें; त्याप्रमाणें ठिकरीजवळ एका झाडाखालीं पहिला थांबा झाला. मातोश्रींच्या पायांवर सूज चढूं नये म्हणून त्यांस शंभर पावलें चालविलें. मुलांनीं तेवढ्यांत धांवण्याच्या शर्यती उरकल्या. पुढें सेंधवा, मग सातपुड्यांतील बिजासनी देवीचें स्थान, आणि त्यानंतर घाट उतरतां उतरतां महाराष्ट्राची हद्द व पळासनेर. या गांवाचें नांव ४ जुलै २०२३ रोजीं देशभर गेलें. उतारावरून येणाऱ्या एका मालवाहू गाडीचे ब्रेक निकामी झाले, ती पुढच्या वाहनांवर व नंतर रस्त्याकांठच्या हॉटेलावर आदळली आणि किमान दहा माणसांचा बळी गेला. तेथें बसलेल्यांचा अपराध कोणता? उतारावर आपली गाडी संभाळणें हा केवळ आपल्या जिवाचा प्रश्न नसून पायथ्याशीं चहा पीत बसलेल्या अपरिचिताच्याही जिवाचा प्रश्न आहे, हें तेथें उमजतें.

पळासनेरास दुसरा थांबा. हॉटेलवाल्या म्हातारबाबांनीं "कथा चालनात, भाऊ?" म्हणून विचारिलें, आणि अठरा दिवस हिंदी ऐकलेल्या मुलांचे चेहरे ती अहिराणी कानीं पडतांच असे उजळले कीं, घर येथूनच सुरू झालें म्हणावयास हरकत नाहीं. शिरपूर गेलें. सावळद्याच्या पुलाखालीं तापी लागली. नर्मदा व तापी या दोघी इतर मोठ्या नद्यांच्या रीतीस न जुमानतां पश्चिमेस वाहतात. एका सकाळीं दोघींस ओलांडणें हें या वाटेचें भाग्य. नरडाणा, मग तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेलें सोनगीर. आणि बाराच्या आंत, ऊन पुरतें तापण्यापूर्वीं, आम्ही धुळ्यास बंधूंच्या दारांत उभे होतों.

धुळ्याचा मुक्काम

ज्यांनीं रात्रींच्या प्रवासाचा आग्रह धरिला होता, त्या पुतण्यानेंच दुपारीं जेवतांना हिशेब मांडिला: रात्रीं निघालों असतों तर सहा-सात तास आधीं पोंचलों असतों, पण ते तास झोंपण्यांतच गेले असते. चालकभाऊंचें पान आमच्याच पंगतींत मांडिलें होतें. आपली परतीची वाट धुळ्या-जळगांवास संपते. त्याची वाट तेथून पुन्हां पुण्यापर्यंत उरलेली असते, ही गोष्ट प्रवासी कुटुंबें फारशी मनांत आणीत नाहींत. त्याला दुपारची झोंप, रात्रीचें अंथरूण व दुसऱ्या दिवसाची शिदोरी देणें हें उपकार नव्हेत.

धुळें हें तसें इतिहासाचें गांव. कॅप्टन ब्रिग्जनें १८१९ सालीं येथें नवी पेठ आंखली. राजवाड्यांनीं १९२६ सालीं येथेंच देह ठेविला. शंकर श्रीकृष्ण देवांनीं जमविलेलीं रामदासी हस्तलिखितें समर्थ वाग्देवता मंदिरांत येथेंच आहेत. परंतु त्या दिवशीं आमच्या घरांत निराळीच वाटणी चालली होती. संध्याकाळीं ऊन उतरल्यावर घरगाडींतलें सामान ओसरीवर काढिलें. लोणच्याची उरलेली बरणी "तुम्हींच न्या" म्हणून दोघी जावा एकमेकींकडे सारीत होत्या. मुलांनीं भेडाघाटचे संगमरवरी गोटे मोजून दोन सारखे ढीग केले. कपडे, डबे, औषधें, सारें लागलीं. एकच पिशवी मध्यें तशीच राहिली होती व ती कोणत्या ढिगांत ठेवावी हें कोणीही विचारीत नव्हतें. ती मातोश्रींची.

रात्रीं गच्चीवर निजतांना बंधूंनीं तो विषय काढिला. मातोश्रींची खोली धुळ्यास तळमजल्यावर, जिना नाहीं. जळगांवीं त्यांच्या डोळ्यांचे डॉक्टर. उन्हाळाभर कोठें, पावसाळ्यांत कोठें, याचा आम्ही दोघे भाऊ हलक्या आवाजांत विचार करीत होतों. तेवढ्यांत वहिनी म्हणाल्या, "अहो, त्या जाग्या आहेत. त्यांनाच विचारा ना!" आणि त्यांच्याकडे वळून, "आई, तुम्हीच सांगा."

मातोश्री कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "दोन्ही घरं माझीच आहेत, कुठंही मला उणं नाहीं. पण गाडींत रोज सकाळीं कोणी तरी मला विचारीत होतं, आज काय करायचं म्हणून. घरीं गेलं कीं तें विचारणं बंद होतं; मला फक्त सांगतात. सध्यां इथं राहतें. आषाढांत जळगांवीं येईन. तारीख मी कळवीन, तुम्हीं ठरवायची नाहीं."

यावर कोणीं कांहीं बोलण्यासारखें नव्हतें. पुतण्यानें उठून त्यांची पिशवी आंत नेऊन ठेविली.

या गोष्टीचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला आहे. वृद्ध माणसांची सेवा आपल्या घरांतून होत नाहीं असें नाहीं; औषधपाणी, पथ्य, देवदर्शन, सारें वेळच्या वेळीं होतें. परंतु त्यांस सल्ला विचारण्याची रीत मात्र सोयीच्या नांवाखालीं मागें पडत चालली आहे. जागा अपुरी असली, सर्वांस एका वेळीं एकाच ठिकाणीं असावें लागलें, म्हणजे ती आपोआप परत येते. मोठ्या घरांत ती प्रयत्नानें आणावी लागते. लांबच्या प्रवासाचें खरें फळ कोणतें, असें आम्हांस विचारिल्यास आम्ही एवढेंच सांगूं.

शेवटचे नव्वद किलोमीटर

दुसऱ्या दिवशीं पहाटे धुळें सोडिलें. हा रस्ता पूर्वीं सहा क्रमांकाचा महामार्ग होता, आतां ५३. फागणे, मुकटी मागें पडलीं. झांशीच्या नेवाळकर घराण्याच्या जहागिरीचें पारोळें आलें. मग एरंडोल, ज्याच्या जवळ पद्मालयाचा गणपति आहे. पाळधीच्या पुढें बांभोरीजवळ गिरणेकांठीं विद्यापीठाच्या इमारती दिसतात. त्यास बहिणाबाई चौधरींचें नांव २०१८ सालीं दिलें. त्या जवळच्याच असोद्याच्या. माहेर-सासरची वाट जिनें आयुष्यभर ओळखिली, अशा बाईचें नांव घराच्या उंबरठ्याशीं भेटावें, हें बरें वाटतें.

घराजवळचे हे शेवटचे मैल सर्वांत फसवे. रस्ता ओळखीचा, वळणें पाठ, मन पुढें धांवून कुलूप उघडूं लागलेलें. अशा वेळीं पट्टे सुटतात, वेग वाढतो, डोळे सैल होतात. म्हणून एरंडोलास दहा मिनिटें मुद्दाम थांबलों. जुन्या लोकांचें गांवाबाहेरच्या देवळांत उतरणें तें हेंच.

घर इतके दिवस बंद होतें. तुळस शेजाऱ्यांनीं जगविली होती. त्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं असें आधींच ठरलें होतें; वहिनींनीं दशम्या, चटणी व दही बांधून दिलें होतें, शेजारून पिठलें आलें. सुट्टीहून परतल्यावर पुरुष पंख्याखालीं बसतात, मुलें मित्रांकडे पळतात, आणि घरची बाई त्याच पावलीं केर, धुणें व स्वयंपाक यांस लागते. तिची सुट्टी उंबरठ्यावरच संपते. पहिल्या दिवसाचें काम सर्वांनीं वांटून घ्यावें, हा परतीच्या प्रवासाचाच एक भाग समजावा.

आतां चार गोष्टी थोडक्यांत. परतीचा दिवस कचेरीच्या किंवा शाळेच्या आदल्या दिवसास चिकटवूं नये. मध्यें एक मोकळा दिवस ठेवावा, किंवा एका माणसाची एक दिवसाची रजा आधींच मागून घ्यावी. चालक किती वेळ जागा आहे हें निघण्यापूर्वीं विचारावें आणि तो सांगेल त्यापेक्षां स्वतः मोजावें. दर दोन तासांनीं थांबावें. घाट दिवसाउजेडीं व खालच्या गिअरांत उतरावे. चालत्या गाडींत कोणीं उभें राहूं नये, निजूं नये, रांधूं नये. महामार्गावर अडचण आल्यास १०३३, तांतडीच्या मदतीस ११२ व रुग्णवाहिकेस १०८ हे आंकडे मुलांस पाठ करून ठेवावे. घाबरलेल्या वेळीं मोठ्यांपेक्षां मुलांसच ते आधीं आठवतात.

हें सारें केल्यानें वाट लांबते, हें खरें. एक दिवस जातो, एका मुक्कामाचा खर्च वाढतो. परंतु ज्या माणसांबरोबर पुढचीं सारीं वर्षें काढावयाचीं, त्यांच्या जिवापुढें आणि मनापुढें एका दिवसाचा हिशेब तो काय! तेव्हां पुढील सुट्टीचा बेत आंखतांना वाचकांनीं कागदावर प्रथम परतीचा दिवस लिहावा व मग निघण्याचा. आणि तो कागद पुरा होण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वडील माणसास दाखवून विचारावें, "आपणांस हें कसें वाटतें?"